आतला खण

नातसुनेने परवा फोनवर मला कुत्र्यांची घरं दाखवली. त्यांच्या अंगणातल्या कुत्र्यासाठी हिवाळ्याआधी एक घ्यायचंय. कुठलं प्लास्टिकचं, कुठलं लाकडी, एकाला तर खिडकी आणि पुढे छोटासा व्हरांडा. "आजी, तुम्हीच सांगा. तुम्ही सुतारांच्या घरातल्या." मी म्हटलं, सगळ्यांत लहान असेल ते घे. तिला वाटलं, म्हातारी काटकसर शिकवतेय. लहान घराबद्दल मला जे ठाऊक आहे, ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

आमचं कपाटांचं काम होतं. पुढे कारखाना, मागे घर, मध्ये अंगण आणि अंगणाच्या कडेला लाकूड ठेवायची पत्र्याची शेड, तीन बाजूंनी उघडी. कारखाना म्हणजे तरी काय, मामंजी, माझे हे आणि धाकटे भाऊजी. कुत्रा भाऊजींचा. पिल्लू असताना कोटात घालून कुठूनसा आणलेला. एकदा बसला की जागचा हलायचा नाही, म्हणून मामंजींनी त्याचं नाव खिळा ठेवलं. "उपटायला पक्कड लागेल याला," म्हणायचे.

भाऊजी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना वेगळी खोली दिली. डॉक्टरांनी कुत्र्याला आत सोडायचं नाही म्हणून बजावलं. खिळ्याने हट्ट केला नाही. दाराला पाठ लावून बाहेर पसरला तो पसरलाच. भाऊजींची कॉट आतून दाराला लागून होती. जाग आली की ते बोटाने दारावर ठकठक करायचे, आणि बाहेर खिळ्याची शेपटी जमिनीवर आपटायची. त्यावरून सासूबाईंना कळायचं की तो उठलाय. मग त्या काहीतरी गरम घेऊन जायच्या. शेवटी शेवटी भाऊजींना हाक मारण्याइतकाही दम उरला नव्हता. ठकठक मात्र होती.

पानगळीत ते गेले.

त्यानंतर सासूबाईंनी ते दार ओढून घेतलं आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागल्या. स्वतः आत जायच्या नाहीत, दुसऱ्याला जाऊ द्यायच्या नाहीत. केर काढायला म्हणून मी एकदा दार लोटायला गेले तर म्हणाल्या, "आधी वाजव तरी, पोरी." खिळा त्यांच्या पायाशी, दाराला पाठ लावून. त्यांचं ताट आणि त्याची थाळी, दोन्ही मी भरलेली परत उचलायची. मामंजींनी बरेच दिवस सोसलं. मग एका सकाळी पेचकस घेऊन आले आणि बिजागऱ्या सोडवायला लागले.

"अहो, हे काय करताय?"

"दार नसलं की बंद काय राहणार? बघ आत. आहे का कोणी?"

सासूबाईंनी बघितलं. उघडी कॉट, गुंडाळलेली गादी, खिडकीतून आलेलं ऊन. खूप वेळ बघितलं आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी त्या दोन घास जेवल्या. मामंजींचा उपाय कडू होता, पण लागू पडला, असं आम्ही धरलं.

दार शेडमध्ये लाकडांना टेकवून ठेवलं. खिळाही त्याच दिवशी घर सोडून शेडमध्ये जाऊन बसला. आम्हाला वाटलं, धनी नाही तर घरात त्याचा जीव रमत नाही. आपल्याला जे वाटतं तेच कुत्र्याला वाटत असणार, अशी आपली एक समजूत असते.

मग थंडी आली. त्या वर्षीची थंडी अजून माझ्या हाडांत आहे. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असायची, नळाला चिंध्या गुंडाळाव्या लागायच्या. खिळा तरुण राहिला नव्हता, मागचे पाय आखडायचे. यांनी त्याला उचलून घरात आणलं की तो दाराकडे तोंड करून उभा राहायचा आणि फट दिसली की शेडमध्ये. पोतं अंथरलं तर ते त्याच्या अंगाखाली ओलं होऊन गोठायचं.

"हा हिवाळा त्याने काढायलाच हवा," सासूबाई म्हणाल्या. चुलीकडे तोंड होतं, बोलल्या आम्हा सगळ्यांना. "त्याच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलंय माझ्याकडे."

त्यांनी भाऊजी गेल्यापासून मागितलेली ती पहिली गोष्ट. कारखान्यातली कपाटं बाजूला सरकली.

यांनी एका फळीवर पेन्सिलीने आकृती काढली. ऐसपैस घर, मध्ये दार, वर कमान. मामंजींनी चष्मा वर करून बघितलं.

"हे कुणासाठी? व्याह्यांसाठी?"

"बाबा, त्याला अंग मोकळं करता यायला नको?"

"अंग मोकळं करायला अंगण आहे. कुत्र्याकडे शेगडी नसते रे, तोच स्वतःची शेगडी. जेवढी मोठी खोली तेवढी ती तापवायला त्याचा जीव जाणार. वळून बसता आलं की पुरे."

शेजारचे गादीवाले काका कापसाने भरलेले केस झटकत येऊन बसले होते. त्यांनी गादी शिवून देतो म्हटलं. मामंजी म्हणाले, गादी ओल धरते, पेंढा टाकायचा. ओला पेंढा झटकता येतो, ओली गादी नुसती शिव्या खाते.

"तीस वर्षं तुमच्या शेजारी गाद्या शिवतोय, आणि हे आज सांगताय," काका म्हणाले.

"तुमच्या गाद्यांवर माणसं झोपतात. त्यांना कळत नाही."

भाऊजी गेल्यापासून कारखान्यात कोणी हसलं असेल तर ते त्या दुपारी. सासूबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

घर चांगलं झालं. खाली ठोकळे देऊन जमिनीपासून उचललेलं. भिंती दुहेरी, मध्ये रंध्याचा भुसा ठासून भरलेला. छप्पर उतरतं आणि बिजागरीवर उघडणारं, म्हणजे पेंढा बदलता येतो. आत जायची जागा ठेंगणी, एका कोपऱ्यात, तिच्यावर गोणपाटाचा पडदा. आणि आत मधोमध एक आडवी भिंत, एका टोकाला वाट सोडलेली. कपाटवाल्यांच्या बोलीत दोन खण. वारा शिरला तर बाहेरच्या खणात आपटून थांबावा, आणि कुत्र्याने वळसा घालून आतल्या खणात उबेत झोपावं.

ही मधली भिंत एकाच फळीची करायची होती, आणि तिला दोन्ही बाजूंनी थंडी-ऊब लागणार. मामंजींचा आयुष्यभराचा नेम होता, की जी फळी वाकता कामा नये ती नव्या लाकडाची घ्यायची नाही. मुरलेलं लाकूड घ्यायचं, ज्याचं जे काय वाकायचं ते वाकून झालंय असं. कपाटाच्या दारांना ते जुन्या पलंगांच्या, जुन्या तुळयांच्या फळ्या शोधत फिरायचे. शेडमध्ये त्या दिवशी मुरलेलं म्हणावं असं एकच लाकूड होतं. भाऊजींच्या खोलीचं दार. दोन रुंद फळ्यांचं. एक खालून कुजलेली, ती त्यांनी सरपणात टाकली. दुसरी, कॉटकडची, ठणठणीत होती. तिचा हवा तेवढा तुकडा कापला.

लपवून काही केलं नाही. आम्ही सगळे तिथेच होतो. सासूबाई आत भाकरी थापत होत्या. करवत चालली तेव्हा त्यांचा हात थांबला. नव्या लाकडाचा आवाज कोवळा असतो, जुनं लाकूड कण्हल्यासारखं कापलं जातं, हे त्या घरात राहून मलाही कळायला लागलं होतं. थोड्या वेळाने त्या परत थापायला लागल्या.

घर शेडमध्ये, वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं. खिळा उठला, वास घेतला आणि कोणी न सांगता पडदा सारून आत गेला. हे खूश झाले. मामंजी म्हणाले, "बघितलंस? कमान नव्हती तरी गेला."

सकाळी मी पेंढा बघायला छप्पर उचललं. खिळा बाहेरच्या खणात होता. वारा शिरायचा त्या तोंडाशी, मधल्या फळीला पाठ लावून. पाठीच्या केसांवर दव गोठून पांढरं झालं होतं. आतला खण तसाच मोकळा, पेंढा फुललेला.

"सवय व्हायला वेळ लागतो," हे म्हणाले.

यांनी आतल्या खणात हाड टाकून बघितलं. खिळा वळसा घालून गेला, हाड अलगद उचललं आणि बाहेर येऊन फळीला टेकून बसला. खाल्लं नाही. यांनी त्याला उचलून आत ठेवलं तर अंग चोरून उभा राहिला, जसं आपण कुणाच्या अंथरुणावर चुकून पाय पडला की राहतो.

मग शेपटी सुरू झाली.

दिवेलागणीला मी अंगणातले कपडे काढत होते. कुत्र्याच्या घरातून आवाज आला, शेपटी लाकडावर आपटल्याचा. थांबला. परत आला. अंगणात कोणी नव्हतं, खिळ्याला हाक मारली नव्हती, थाळी वाजली नव्हती. मागे वळले तर सासूबाई ओट्यावर उभ्या.

"ऐकलंस?"

"कुत्रं आहे, आई. आपटतं शेपटी."

"उगाच नाही आपटायचा तो कधी."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्याआधी त्याच जायला लागल्या. एकदा मला हाताला धरून घेऊन गेल्या, छप्पर उचललं. "आत हात घाल."

मी आतल्या खणातल्या पेंढ्यात हात घातला. कोणी झोपलं नव्हतं तिथे. तो ऊबदार होता. मी कमी-जास्त सांगत नाही, नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा ऊबदार.

जेवताना सासूबाईंनी ते मामंजींना सांगितलं.

"त्याच्या पाठीची ऊब फळीतून जाते," मामंजी म्हणाले. "मुरलेलं लाकूड आहे."

"पाठीवर दव गोठतंय त्याच्या. फळीपलीकडे द्यायला ऊब उरलीय का त्याच्याकडे?"

मामंजी पाणी प्यायले.

मला कळलं ते त्याच दुपारी, पेंढा बदलताना. खिळा माझ्याकडे न बघता बसला होता, पाठ फळीला, तोंड बाहेर, कान उभे. मी त्याला तसं बसलेलं इतके दिवस बघितलं होतं की डोळ्यांना वेगळं काही वाटलंच नव्हतं. मी कारखान्यात गेले.

"अहो, ते दार आहे."

"कुठलं दार?" यांनी रंधा थांबवला.

"भाऊजींचं. तो घराला कंटाळून शेडमध्ये गेला नव्हता. दार गेलं तिथे गेला. आता त्याला वाटतंय, ते आतल्या खणात आहेत. आपण त्यांना आत ठेवलंय आणि त्याला बाहेर."

मामंजी लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं हातात धरून उभे होते. खाली ठेवलं. "सोपं आहे," म्हणाले. "फळी बदलतो." आणि पेचकस शोधायला लागले.

सासूबाई दारात कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. "त्या फळीला हात लावायचा नाही."

"अगं, तो थंडीने मरेल."

"मग घरात आणा दोघांना."

दोघांना, असं त्या म्हणाल्या. कोणी दुरुस्त केलं नाही.

आणून बघितलंही. फळी खोलीच्या रिकाम्या चौकटीत टेकवून ठेवली. खिळा तिच्यामागे मुकाट्याने घरात आला, तिला पाठ लावून बसला. ऊब होती, कोरडं होतं, वाटलं सुटलो. पण घरात ते दुखण्याचे दिवसच परत आले. खिळा झोपेना. कान आतल्या बाजूला लावून बसून राहायचा, काही ऐकू आलं नाही की उठून फळीला नाक लावायचा, परत बसायचा. थाळीला तोंड लावेना, अंगणातही जाईना, जागेवरच घाण करायला लागला. सासूबाईंचं स्टूल परत तिथे आलं. त्यांचं ताटही मी भरलेलं परत न्यायला लागले. मामंजी येता-जाता दोघांकडे बघायचे. शेवटी त्यांनीच फळी उचलली आणि परत कुत्र्याच्या घरात बसवली. खिळा मागोमाग गेला. सासूबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "परत बाहेर काढलंत त्याला."

त्या आठवड्यात वारा फिरला आणि शेडच्या उघड्या बाजूने सरळ आत यायला लागला. सासूबाईंनी स्वतःची शाल गोणपाटावर शिवून पडदा जाड केला. त्याने काय होणार होतं? खिळा दाराशी होता.

मग तो खोकायला लागला.

कुत्रा खोकतो तसा भुंकल्यासारखा खोकला असतो तर निभावलं असतं. पण तो खालून यायचा, ओला, आणि शेवटी एक शिट्टीसारखा श्वास. आम्ही तो घरात वर्षभर ऐकलेला होता. सासूबाई डाळ घोटत होत्या. पळी भांड्यात तशीच राहिली. अंगणातून परत एकदा आला. त्यांनी चुलीतली लाकडं ओढून घेतली, पदराला हात पुसले आणि कारखान्यात गेल्या.

"माप तेच आहे," त्या मामंजींना म्हणाल्या. "नवी फळी कापा."

"नवी वाकेल."

"वाकू दे."

मामंजींनी फळी निवडली. रंधा मारताना त्यांनी विचारलं, "आणि ती जुनी? ती माळ्यावर टाकू?"

"माळ्यावर टाकलीत तर माळ्याखाली जाऊन बसेल. पुरलीत तर त्यावर बसेल." थोडं थांबून म्हणाल्या, "कुठेही असली तरी तो तिथे जाणार. मीसुद्धा."

पेचकस त्यांनी कुणाला धरू दिला नाही. छप्पर उघडून स्वतः वाकल्या, स्क्रू काढून ओच्यात टाकले. फळी बाहेर निघाली तेव्हा छातीशी धरून अंगण ओलांडलं, आणि खिळा त्यांच्या टाचेला लागून, खोकत, पाय ओढत, कारखान्यात आला. सरस तापवायची लोखंडी भट्टी पेटलेली होती. मामंजींनी करवत उचलली.

"कापू नका," त्या म्हणाल्या. "एकदा कापलीत."

भट्टीचं तोंड लहान. फळीचं एक टोक आत गेलं, दुसरं बाहेर राहिलं. सासूबाई जमिनीवर बसल्या आणि बाहेरचं टोक मांडीवर घेतलं. खिळा आला आणि त्या टोकाला पाठ लावून बसला. लाकूड मुरलेलं, चटकन पेटेना, पेटलं तेव्हा एकसारखं, जवळजवळ बिनधुराचं जळायला लागलं. जेवढं जळायचं तेवढी त्या फळी आत सरकवायच्या, आणि खिळा तेवढाच सरकून परत टेकायचा. आम्ही तिघं उभे होतो. कोणी कुणाला बसायला सांगितलं नाही. भट्टीची धग लागून खिळ्याचं अंग वाफाळायला लागलं होतं. बहुतेक त्या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदाच अशी ऊब मिळाली असेल.

शेवटी वीतभर उरलं. ते हातात धरवेना इतकं तापलं होतं, तरी त्यांनी धरलेलं. खिळ्याची पाठ त्यांच्या मनगटाला टेकली होती. सासूबाईंनी वाकून त्या तुकड्याशी तोंड नेलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. यांना आलं होतं. पुढे कितीदा विचारलं, तरी त्यांनी मला सांगितलं नाही. मग सासूबाईंनी हात सोडला आणि भट्टीचं झाकण लावलं.

खिळा उठला. जमीन हुंगली, सासूबाईंचे हात हुंगले, भट्टीपाशी नाक नेऊन मागे घेतलं. कारखान्याला एक चक्कर मारली. मग अंगणात गेला. मामंजी त्याच्या आधी जाऊन नवी फळी बसवून आले होते. तो पडदा सारून शिरला, आणि वेळ गेला, खूप वेळ वाटला मला. मी जाऊन छप्पर जरासं उचललं. खिळा वळसा घालून आतल्या खणात गेला होता. पेंढ्यात गोल गोल फिरला आणि नाक शेपटीखाली घालून पडला. खण पुरता भरला होता. एक मूठ घालायलाही जागा नव्हती.

ओट्यावर सासूबाई उभ्या होत्या. "गेला आत?"

"गेला."

"आता तिथे जागा नाही." त्या विचारत नव्हत्या, तरी मी मान हलवली. त्यांनी भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली. "मग तो कुठे निजेल?"

मामंजी पेचकस पुसत होते. ते पुसतच राहिले.

खिळ्याचा खोकला हळूहळू उतरला. तो हिवाळा त्याने काढला, पुढचाही काढला. नवी फळी मामंजी म्हणाले तशी वाकली, पण त्याला त्याची फिकीर नव्हती.

सासूबाई जेवायला लागल्या, हसायलाही लागल्या, गादीवाल्या काकांना टोमणे मारायला लागल्या. फक्त त्या दिवसापासून दिवेलागण झाली की त्या बिनदाराच्या खोलीत जायच्या, कॉटवर गादी पसरायच्या, चादर ओढून चारी कोपरे खोचायच्या, पायाशी रजई ठेवायच्या. सकाळी सगळं उचलायच्या. मामंजी एवढ्या गोष्टींना नाही म्हणाले होते, ह्याला म्हणाले नाहीत. उलट खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती त्यांनी तासून बसवली.

पुढे सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि चादर धरायला दुसऱ्या टोकाला मी उभी राहायला लागले. रजई झटकताना त्या नेहमी आधी हाताने चाचपायच्या. माझाही हात लागायचाच. अंथरूण गार असायचं, रात्रभर कोणी न निजलेलं असतं तसं. त्यांच्या हाताला ते कळत नव्हतं असं नाही. त्या घडी घालायच्या, उशी उन्हाकडे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आज लवकर उठून गेला."

मी म्हणायचे, "हो, आई."